डरहॅम : खाणीत उतरलेल्या माणसांनी चालवलेली काउंटी

इंग्लंडच्या ईशान्येला, न्यूकॅसलच्या दक्षिणेस डरहॅम काउंटी, म्हणजे जिल्हा, आहे. पर्यटक येतात ते डरहॅम शहरातलं कॅथीड्रल बघायला, आणि ते आहेही बघण्यासारखं. पण इथे राहायला आल्यापासून माझा जीव रमला तो शहराबाहेरच्या खाणगावांत. चंद्रपूरच्या कोळसा पट्ट्यात वाढलेल्या माणसाला अशा गावांची वेगळी ओळख करून द्यावी लागत नाही. खाण उघडली की गाव वसतं, आणि खाण संपत आली की गावाचं काय करायचं हा प्रश्न कुठल्या तरी कचेरीत जाऊन पडतो. डरहॅममध्ये ती कचेरी खाणकामगारांनी निवडून दिलेल्या माणसांच्या हातात होती. तरीही काय घडलं, ते सांगायचं आहे.

समुद्रकाठच्या हॉर्डनला गेलात तर रस्त्यांची नावं वाचा. पहिला रस्ता, दुसरा रस्ता, तिसरा रस्ता, असे नुसते आकडे. 1900 नंतर कंपनीने शाफ्ट, म्हणजे खाणीत उतरायची खोल विहीर, खोदला आणि त्याच्याभोवती विटांच्या, एकमेकांना चिकटलेल्या घरांच्या रांगा उठवल्या. एवढी माणसं एकदम आणायची तर नावं शोधत कोण बसणार? काउंटीभर हेच चित्र होतं. घर कंपनीचं, म्हणजे नोकरी गेली की छप्परही गेलं. 1844 च्या मोठ्या संपात कामगारांची कुटुंबं सामानासकट रस्त्यावर काढली गेली. लॉर्ड लंडनडेरी या खाणमालकाने तर सीहॅमच्या दुकानदारांना बजावलं की संपकऱ्यांना उधारीवर माल द्याल तर खबरदार. वर्षभर एकाच खाणीला बांधून ठेवणारा करार 1872 पर्यंत टिकला. त्याच्या तीनच वर्षं आधी, 1869 मध्ये, डरहॅमच्या खाणकामगारांची संघटना उभी राहिली होती.

या संघटनेतून जी माणसं वर आली त्यांतलं पीटर ली हे नाव मला सगळ्यात मोठं वाटतं. जन्म 1864, दहाव्या वर्षी खाणीत. पुढे अमेरिका आणि दक्षिण आफ्रिकेतल्या खाणीही पाहून आला. मग व्हीटली हिल गावात कामगारांनी त्याला वजन तपासनीस म्हणून निवडलं. कामगाराला मजुरी मिळायची ती वर आलेल्या कोळशाच्या वजनावर. मालकाचा माणूस काटा बघायचा, आणि त्याच्या शेजारी कामगारांनी आपल्या पैशातून पगार देऊन बसवलेला हा दुसरा माणूस. हिशोब पक्का हवा, वाद घालायची धमक हवी आणि लाच खाणारा नको. अशा माणसाला गावाने पॅरिश कौन्सिलवर, म्हणजे गावपातळीच्या पंचायतीवर पाठवलं यात नवल नाही. लीने गावात नळाचं पाणी, गटारं, रस्त्यावरचे दिवे आणि दफनभूमी यांच्यामागे लागून ती कामं करून घेतली. तेव्हा संडास घरामागच्या बोळात असायचे आणि राखेने झाकलेला मैला गाडीने उचलला जायचा. त्यामुळे गटार हा जीवनमरणाचा विषय होता.

1919 मध्ये डरहॅम ही मजूर पक्षाच्या ताब्यात आलेली देशातली पहिली काउंटी कौन्सिल, म्हणजे जिल्हा परिषद, ठरली आणि ली तिचा अध्यक्ष झाला. अंधारात, गुडघाभर पाण्यात कोळसा फोडलेला माणूस काउंटीच्या शाळा, रस्ते आणि पाणी योजनांवर निर्णय घेऊ लागला. मधली थोडी वर्षं सोडली तर त्या पक्षाची सत्ता 2021 पर्यंत टिकली.

शहरात रेडहिल्स नावाची इमारत आहे, 1915 मध्ये उघडलेली, कामगारांच्या वर्गणीतून बांधलेली. आतल्या सभागृहात लाकडी खुर्च्यांच्या अर्धवर्तुळाकार रांगा आहेत आणि खुर्च्यांवर क्रमांक आहेत. क्रमांक म्हणजे एकेक खाण. तिथला प्रतिनिधी त्याच खुर्चीवर बसायचा. मी त्या क्रमांकांवरून बोट फिरवलं तेव्हा जाणवलं की आपल्या गावाचं म्हणणं मांडायला एक ठरलेली जागा असणं ही केवढी मोठी कमाई होती.

म्हणूनच 1951 चा विकास आराखडा इतका टोचतो. खाणी 1947 मध्ये सरकारी झाल्या होत्या आणि पश्चिमेकडचे जुने साठे संपत चालले होते. काउंटी कौन्सिलने सगळ्या गावांची अ, ब, क, ड अशी वर्गवारी केली. 114 गावं ‘ड’ वर्गात पडली. ‘ड’ म्हणजे तिथे नवा मोठा खर्च करायचा नाही, घरं राहण्याजोगी उरली नाहीत की पाडायची आणि माणसांना दुसरीकडे घरं द्यायची. हे करणारी माणसं कामगारांचे वैरी नव्हती. गळक्या छपराखाली वाढलेल्यांना नवी, न्हाणीघर असलेली घरं द्यायची होती आणि पैसा मोजकाच होता. हे सगळं मान्य करूनही मला वाटतं की आराखडा चुकला, कारण ज्यांच्या गावावर शिक्का बसला त्यांचं म्हणणं त्यांच्याच प्रतिनिधींनी नीट ऐकून घेतलं नाही. माझ्या शेजारचे आजोबा अशाच एका गावचे. ते सांगतात, घर दुरुस्त करावं तर पाडणार, न करावं तर गळतंय, अशी आईची घुसमट व्हायची. दुकानदार आधी गेले, मग तरुण गेले.

त्याच काळात पूर्वेला एक गाव नव्याने उभं राहत होतं. 1948 मध्ये मंजूर झालेल्या या शहराला पीटर लीचंच नाव दिलं : पीटरली. वास्तुविशारद लुबेत्किनच्या डोक्यात तिथे उंच इमारती होत्या. पण जमिनीखाली कोळसा होता आणि सरकारी कोळसा मंडळाला तो काढायचा होता. खालून पोकळ होणाऱ्या जमिनीवर उंच इमारती कशा उभ्या करणार? 1950 मध्ये लुबेत्किन राजीनामा देऊन गेला आणि शहर बुटक्या घरांचं झालं. नंतर चित्रकार व्हिक्टर पासमोरने तिथे आखणीत लक्ष घातलं. त्याचा 1969 चा काँक्रीटचा मंडप आज संरक्षित वास्तू आहे.

1951 च्याच मे महिन्यात पीटरलीजवळच्या ईझिंग्टन खाणीत स्फोट होऊन, बचावासाठी उतरलेल्या दोघांसह, 83 जण गेले. ईझिंग्टनची खाण 1993 मध्ये बंद झाली. समुद्रकाठावर वर्षानुवर्षं ओतलेला खाणीचा कचरा नंतर मोठ्या मोहिमेने हलवला आणि आता तिथे लोक फिरायला जातात.

‘ड’ वर्गाचं धोरण 1977 मध्ये सोडून दिलं. तोवर कित्येक गावांत रांगांमधली घरं पाडून मध्ये गवताचे पट्टे उरले होते, पण संपूर्ण पुसली गेलेली गावं फार थोडी. बिशप ऑकलंड शहराजवळच्या विटन पार्क या ‘ड’ वर्गातल्या गावाची बरीच घरं पडली, लोक भांडत राहिले, आणि गाव आजही आहे. आपल्याकडेही खाणीसाठी गावं हलतात, वेकोलिच्या, म्हणजे वेस्टर्न कोलफील्ड्स या सरकारी कोळसा कंपनीच्या, पट्ट्यात पुनर्वसन हा शब्द लहान मुलांनाही पाठ असतो. त्या सगळ्यांना विटन पार्कची हकिगत कळावी असं मला मनापासून वाटतं.

इकडे येणार असाल तर जुलैतला दुसरा शनिवार गाठा. 1871 पासून भरणारा खाणकामगारांचा मेळावा त्या दिवशी असतो. गावागावांतून रेशमी फलक आणि पितळी वाद्यांचे ताफे येतात, आणि खाणी बंद होऊन तीस वर्षं उलटली तरी गर्दी मावत नाही. काही फलक कॅथीड्रलमध्ये नेऊन त्यांना आशीर्वाद दिला जातो. सकाळी लवकर या, शहरातले रस्ते वाहनांना बंद असतात. दुसऱ्या दिवशी बसने ईझिंग्टनला जा, तिथल्या दफनभूमीत 1951 च्या मृतांचं स्मारक आहे.