रिटर्न आलेला कपडा कशाशी ताडून बघायचा?

ऑनलाइन कपडे विकायचे म्हटलं की रिटर्न आलेच. दुकानातलं गिऱ्हाईक ट्रायल रूममध्ये जे करतं तेच इथलं गिऱ्हाईक घरी करतं. फक्त त्या ट्रायल रूमचं भाडं कुरिअरच्या रूपाने आपल्या खात्यातून जातं. त्यामुळे रिटर्न पूर्ण बंद पाडायचा नाद सोडलेला बरा. कपडा गेला तेव्हा कसा होता, हे तो परत आल्यावर दाखवता येतं का, एवढंच आधी बघायचं. ती नोंद नसेल तर उरतो नुसता वाद, आणि वादात बहुतेक वेळा पैसे विकणाऱ्याचेच जातात.

वापरलेले किंवा सुटे नग विकणाऱ्यांना हे जास्त भोवतं. नव्या मालात एकसारखे दहा शर्ट असले तर परत आलेला एक बाकीच्या नवांशी ताडता येतो. एकुलत्या एका जुन्या जाकिटाला जोडीदार नसतो. त्याचा जोडीदार म्हणजे तुमचे फोटो.

लिस्टिंगचे, म्हणजे विक्रीच्या पानावरचे, फोटो या कामाचे नाहीत. ते कपडा छान दिसावा म्हणून काढलेले असतात. पॅकिंगच्या टेबलावर, नेहमी त्याच उजेडात, वेगळे सहा फोटो काढा: समोरून, मागून, आतली लेबलं, दोन्ही काखा उलट्या करून, कॉलर आणि कफ जवळून, आणि जो काही दोष असेल तो शेजारी टेप ठेवून. फाइलचं नाव म्हणजे नगाचा स्टॉक नंबर, दुसरं काही नको. चौकड्यांचा शर्ट असेल तर खिशाजवळची चौकट शिवणीला कुठे तुटते ते फोटोत येऊ द्या. असे दोन शर्ट अगदी एकसारखे कापले जाणं अवघड असतं, त्यामुळे बदलून पाठवलेला नग तिथेच पकडता येतो. लेबलाच्या मागच्या कडेला यूव्ही पेनने, म्हणजे ज्याची शाई फक्त अतिनील (यूव्ही) उजेडात दिसते अशा पेनने, बारीक ठिपका दिला तर आणखी चांगलं.

पार्सलचं वजन जातानाही लिहा आणि येतानाही. मात्र पाच-दहा ग्रॅमच्या फरकाने गडबडून जाऊ नका. लोकर हवेतला ओलावा स्वतःच्या कोरड्या वजनाच्या 15 टक्क्यांच्या आसपास धरून ठेवते, सुती कापड साधारण 8 टक्के, आणि पॉलिस्टर जवळपास काहीच नाही. दमट दिवसात परत आलेलं स्वेटर थोडं जड भरणारच. पण 600 ग्रॅमची जाड हुडी 450 ग्रॅमची होऊन आली, तर डबा कॅमेऱ्यासमोरच उघडायचा.

एकदाच लागणारा टॅग, म्हणजे तोडल्याशिवाय निघत नाही असा नंबरवाला, कपडा घालून बाहेर जाता येणार नाही अशा जागी हवा: गळ्याच्या पुढच्या बाजूला, किंवा बाहीच्या टोकाला बाहेरून. आत, मानेमागे लावलेला टॅग खुपसून लपवता येतो, म्हणजे तो असून नसल्यासारखाच. टॅग काजातून ओवा, कापडातून नको. सॅटिन, रेशीम आणि चामड्याला सुईने पडलेलं भोक पुन्हा बुजत नाही, आणि मग तो दोष आपणच केलेला ठरतो.

टॅग काढला की रिटर्न नाही, असं पाटीवर लिहिणं सोपं. ते कायद्यात बसेलच असं नाही. युरोपीय संघाच्या 2011 सालच्या ग्राहक हक्क निर्देशानुसार ऑनलाइन घेतलेली वस्तू मिळाल्यापासून 14 दिवसांत कारण न देता व्यवहार मोडता येतो, आणि व्यापाऱ्याने विकलेला जुना मालही त्यात येतो. जातानाचा साधा पाठवणी खर्चसुद्धा परत द्यावा लागतो. मात्र वस्तू पारखायला लागतं त्याहून जास्त वापर झाला, तर घटलेली किंमत कापून घेता येते. घालून आरशासमोर उभं राहणं ही पारख झाली; समारंभाला घालून जाणं हा वापर. ज्या देशात माल जातो तिथला नियम आधी वाचायचा आणि मगच आपल्या अटी लिहायच्या.

साइजमुळे येणारे रिटर्न सर्वात जास्त टाळता येतात. लेबलवरच्या आकड्यावर विसंबू नका. कंबर 32 लिहिलेली जीन्स टेपला 34 भरणं ही रोजची गोष्ट आहे, आणि जुनी सुती जीन्स धुऊन धुऊन उलट आखूडही झालेली असते. माप कपडा सपाट पसरून, सुरकुत्या हाताने काढून, पण न ताणता घ्या. छाती काखेच्या शिवणीखाली 2 सेंमी, या टोकापासून त्या टोकापर्यंत. उंची गळ्याजवळ खांदा सर्वात वर येतो तिथून खालच्या दुमडीपर्यंत. पँटला कंबर, मांडी, आतली शिवण, मोहरी (पायाच्या टोकाची रुंदी), आणि जांघेच्या शिवणीपासून कंबरपट्ट्याच्या वरच्या कडेपर्यंतची पुढची उंची. हे शेवटचं माप बहुतेक लिस्टिंगमध्ये नसतंच, आणि ‘कंबर बरोबर आहे पण बसत नाही’ ही तक्रार तिथूनच येते.

सपाट मापात 1 सेंमी चुकलात तर घेरात 2 सेंमी चुकता. इलॅस्टिक असेल तर दोन आकडे द्या, सैल असताना आणि ताणल्यावर. आणि आपला टेप अधूनमधून स्टीलच्या पट्टीशी ताडून बघा. कापडी टेप वापरून वापरून लांबतो आणि मग प्रत्येक कपडा थोडा लहान मोजला जातो; मोठं सांगून लहान दिलं तर बोंब होते, लहान सांगून मोठं दिलं तरीही होते. गिऱ्हाइकाने साइज विचारला तर ‘तुम्हाला बसेल’ असं कधीही लिहू नये. ‘तुमच्याकडच्या नीट बसणाऱ्या शर्टाची छाती आणि उंची सपाट पसरून मोजून कळवाल का?’ हा एक प्रश्न पुरेसा आहे.

रंगाचं थोडक्यात सांगतो. पिवळ्या बल्बखाली फोटो काढू नका, फ्रेमच्या कडेला पांढरा कागद ठेवा, आणि गडद निळ्याशेजारी एक खरोखर काळी वस्तू ठेवून फोटो द्या. नेव्ही की काळा हा घोळ तेवढ्याने मिटतो.

आता परत आलेलं पार्सल. न थांबवता एकच व्हिडिओ: आधी पत्त्याचं लेबल, मग चारही बाजू आणि सील, मग काट्यावरचं वजन, मग उघडणं. मध्ये व्हिडिओ तोडला की त्याची किंमत गेली. पिशवी उघडल्या उघडल्या पहिलं काम वास घेण्याचं, कारण दोन मिनिटांत नाक सरावतं. धूर, अत्तर, डांबराच्या गोळ्या, घाम यांपैकी जे जाणवेल ते तिथेच बोलून टाका, म्हणजे व्हिडिओत नोंद होते. एका दिवसात दहा पार्सलं उघडायची असतील तर मध्ये बाहेर फिरून या. आठव्या पार्सलापर्यंत नाकाने राजीनामा दिलेला असतो.

मग कपडा पसरून टॉर्च जवळजवळ आडवी धरा. वरून पडणाऱ्या उजेडात न दिसणाऱ्या घड्या तिरक्या उजेडात उठून दिसतात. नुसत्या घालून बघितलेल्या पँटला गुडघ्यामागे सुरकुत्यांची जाळी पडत नाही. तीन-चार तास बसून काढले की पडते. तसंच बाहीच्या कोपराच्या आतल्या बाजूला. कॉलरच्या आतल्या कडेला फाउंडेशनची बदामी रेघ, काखेत डिओडरंटची पांढरी पावडर, लांब ड्रेसच्या खालच्या दुमडीत अडकलेली धूळ, जनावराचे केस, खिशातला टिश्यू. खिसे उलटे करायला विसरू नका. टॅग जागेवर असला तरी त्याचा नंबर पाठवतानाच्या फोटोशी जुळवा. टॅग तोच आणि कपडा दुसरा, असंही होतं.

यूव्ही टॉर्च घ्यायची तर 365 नॅनोमीटरची घ्या. 395 वालीचा जांभळा उजेडच इतका दिसतो की बाकी काही दिसत नाही. डिटर्जंटमधले उजळपणा आणणारे रासायनिक घटक यूव्हीत निळसर चमकतात, त्यामुळे गडद कपडा मधल्या काळात धुतला गेला असेल तर कधी कधी ते उमगतं. पांढरं कापड मात्र मुळातच चमकतं. म्हणून पाठवण्याआधी टॉर्च मारून काढलेला एक फोटो नसेल, तर या चमकण्यावरून काहीही सिद्ध होत नाही.

पैसे कापायचे ठरले तर निरोप कोरडा ठेवा. ‘पाठवताना काढलेला आणि आज उघडताना काढलेला फोटो सोबत आहेत. कॉलरच्या आत मेकअपचा डाग आहे. साफसफाईचा खर्च वजा करून बाकी रक्कम परत करत आहोत.’ बस. ‘तुम्ही घालून फिरलात’ असा आरोप केला की गिऱ्हाईक फोटोंना उत्तर देण्याऐवजी आरोपाला उत्तर देतं, आणि प्रकरण आठवडाभर लांबतं.

साफसफाईत नेहमी होणारी चूक म्हणजे घड्या मोडायला आधी वाफ मारणं. उष्णतेने घामाचे आणि मेकअपचे डाग पक्के बसतात. आधी डाग, मग वाफ. डिओडरंटची पावडर कोरड्या स्पंजने किंवा जुन्या नायलॉनच्या मोज्याने घासली तरी निघते, पाणी लागत नाही. मेकअप तेलकट असतो, त्यावर भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब, बोटाने हलकेच, आणि कोमट पाणी. पण आधी आतल्या शिवणीवर लावून रंग जातो का बघा. घामाला थंड पाणी आणि एन्झाइमवालं डिटर्जंट चालतं, मात्र लोकर आणि रेशमाला ते लावू नये. हे दोन्ही प्रथिनांचे तंतू आहेत, आणि प्रथिन तोडणारं एन्झाइम डागाबरोबर कापडही खातं. काखेच्या पिवळ्या डागावर क्लोरीनचं ब्लीच ओतलं तर डाग आणखी पिवळा होतो, आणि स्पॅन्डेक्सची ताण धरायची ताकद जाते.

लोकरीच्या नगाला बारीक भोकं किंवा जाळं दिसलं तर त्याला कसर लागलेली असू शकते; तो बाकीच्या मालाजवळ नेऊच नका. हवाबंद पिशवीत घालून फ्रीझरमध्ये उणे 18 अंशांना दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडायची नाही, नाहीतर कपड्यावरच पाणी सुटतं.

हिशेब एकदा कागदावर मांडा. सगळं वजा जाता एका नगामागे 30 सुटतात आणि एक रिटर्न 25 ला पडतो असं धरा. चारांतला एक परत आला तर तीन नगांचे 90, त्यातून 25 गेले, राहिले 65. म्हणजे ऑर्डरमागे 30 ऐवजी सव्वासोळा. दोनांतला एक परत आला तर ऑर्डरमागे अडीच. या 25 मध्ये जातानाचं आणि येतानाचं कुरिअर, वेष्टन, धुलाई, परत न मिळणारं पेमेंटचं शुल्क, आणि लोक हमखास विसरतात तो हाताचा वेळ, सगळं धरा. कपडा परत विकून जेवढे येतील त्याहून जास्त जर तो आणण्यात जात असतील, तर काही रक्कम परत देऊन कपडा गिऱ्हाइकाकडेच राहू द्यावा. मात्र ही सवलत स्वतःहून, तीही तपासणीचे फोटो मागवल्यावरच द्या. अटींमध्ये लिहून ठेवली की मागणारे वाढतात.

परतीचं कारण म्हणून गिऱ्हाइकाने निवडलेला पर्याय खरा धरू नका. ‘वर्णनाप्रमाणे नाही’ निवडलं की परतीचं कुरिअर बऱ्याच ठिकाणी फुकट होतं, म्हणून तो निवडला जातो. तुमच्या वहीत कारण तुम्ही लिहा, तेही कपडा पुन्हा मोजून झाल्यावर. एकच नग दोनदा परत आला तर गिऱ्हाइकांना दोष देण्याआधी दुसऱ्या टेपने मोजा. माप बरोबर निघालं तर शीर्षक बघा: तिथे लेबलवरचा ‘एम’ लिहिलेला असतो, लोक तेवढंच वाचून ऑर्डर देतात आणि खालचं छातीचं माप कुणी उघडूनही बघत नाही. तो ‘एम’ खोडून तिथे ‘छाती 104 सेंमी’ लिहा आणि मग नग पुन्हा चढवा.