देखणं टोक

वेल्डिंगचा आर्क, म्हणजे धातू वितळवणारी विजेची ज्योत, सांध्यावर उभाच राहत नव्हता. वेल्डिंगची टॉर्च सांध्याच्या बरोबर वर धरलेली, हात टेबलावर टेकवलेला, आणि आर्क मात्र मनाला येईल तसा कधी डावीकडच्या पाइपवर, कधी उजवीकडच्या. मध्येच टोक सोडून दीड-दोन मिलिमीटर वरून, इलेक्ट्रोडच्या, म्हणजे टॉर्चमधल्या टंगस्टनच्या कांडीच्या, कडेवरून निघायचा. हेल्मेटच्या काचेतून ते बघताना वाटत होतं, काठीला बांधलेली चिंधी वाऱ्यावर फडफडतेय.

काम मित्राचं होतं. त्याच्या जुन्या मोटरसायकलला स्टेनलेसचा नवा एक्झॉस्ट पाइप करायचा होता. वाकवलेले तुकडे त्यानेच कापून, घासून, ॲसिटोनने पुसून आणले होते. बाहेरचा व्यास ३८ मिलिमीटर, जाडी १.२. एवढ्या पातळ नळीला ४० अँपिअरच्या आसपास करंट पुरतो, आणि बहुतेक ठिकाणी फिलरही (वरून घालायची धातूची तार) लागत नाही; कडा नीट जुळल्या असतील तर त्याच वितळून एकमेकींत मिसळतात. माझ्या गॅरेजमधल्या टिग मशीनला हे अजिबात जड नाही. संध्याकाळी ये आणि घेऊन जा, असं मी त्याला सांगून टाकलं होतं. सकाळी दहाला बसलो आणि पहिले दोन टॅक, म्हणजे तुकडे जागेवर धरून ठेवणारे ठिपक्याएवढे जोड, असे पडले की कुणाला दाखवायची सोय नाही. एक सांध्याच्या बाजूला गेलेला, दुसऱ्यात बारीक भोक.

मग सुरू झाली शोधाशोध. अर्थिंगचा क्लॅम्प काढला, जबडे घासले, टेबलाऐवजी थेट पाइपला लावला. फरक शून्य. पंखा बंद केला, दार लोटून घेतलं. तापलेल्या धातूला हवेपासून वाचवणारा आर्गॉन गॅस मिनिटाला आठ लिटर होता, तो दहा केला, मग सहा केला. टॉर्चच्या नळीची प्रत्येक जोडणी साबणाचं पाणी लावून तपासली. चुंबकत्वामुळे आर्क ओढला जात असेल म्हणून पाइपला चुंबक लावून पाहिला. तो चिकटला नाही, आणि ३०४ स्टेनलेसला तो चिकटायचाही नव्हता. शेवटी सिलिंडरमधला गॅसच अशुद्ध असणार असं ठरवून कोपऱ्यातला राखीव सिलिंडर ओढत आणला आणि रेग्युलेटर बदलला. सिलिंडरच्या खटाटोपाची मला आजही लाज वाटते. कारण गॅसबद्दलचं उत्तर माझ्या हातातच होतं. प्रत्येक प्रयत्नानंतर इलेक्ट्रोडचं टोक चंदेरी, लखलखीत निघत होतं. गॅस खराब असता, किंवा आर्क विझल्यावरचा पाच-सहा सेकंदांचा गॅस कमी पडला असता, तर तापलेला टंगस्टन हवेतल्या ऑक्सिजनने निळा-जांभळा नाहीतर काळा पडला असता. हे मी दुसऱ्यांना शिकवलेलं आहे. तरी सिलिंडर बदलला.

इलेक्ट्रोडवर संशय का गेला नाही, ते सांगायला आदल्या रविवारकडे जावं लागेल.

टिगच्या इलेक्ट्रोडला टोक काढणं म्हणजे पेन्सिलीला टोक काढण्यासारखंच, फक्त ही पेन्सिल ३४०० अंशांच्याही पुढे वितळणाऱ्या धातूची. बेंच ग्राइंडरच्या डायमंड चाकावर ती टेकवायची आणि बोटांत फिरवत राहायची. मी वर्षानुवर्षं हातानेच करत आलो. टोकं कामचलाऊ निघायची: कुठे चपटा पैलू, कुठे शेंडा मधोमध नाही. त्या रविवारी मला कारागिरीचा झटका आला. लाकडाच्या ठोकळ्यात खाच पाडून त्यात ड्रिल मशीन पक्कं बसवलं, ड्रिलच्या चकमध्ये इलेक्ट्रोड धरला, आणि ठोकळा ग्राइंडरच्या बाजूला असा लावला की इलेक्ट्रोड चाकाच्या रुंदीवर आडवा, जरासा तिरका टेकेल. ड्रिल फिरतंय, चाक फिरतंय, आणि अर्ध्या मिनिटात सुईसारखं टोक. पैलू नाही, वाकडेपणा नाही, लेथवर काढल्यासारखा शंकू. शाळेत टोकयंत्र पहिल्यांदा हाती आलं तेव्हा मी सगळ्या पेन्सिली संपवल्या होत्या, तसंच झालं. एका बैठकीत सहा इलेक्ट्रोड केले आणि टेबलावर ओळीने मांडून ठेवले. बायकोला बोलावून दाखवलेसुद्धा. ती म्हणाली, "छान आहेत. आता याचं काय करायचं?"

तर शनिवारी पहिला इलेक्ट्रोड वितळलेल्या धातूत बुडाला (आर्कमागे हात गेला की हे होतंच), म्हणून दुसरा लावला. तोही तसाच. तिसराही. आणि इथेच माझं डोकं उलटं चाललं. एक इलेक्ट्रोड वाईट असू शकतो, पण सहाच्या सहा? तेही इतके नेटके? म्हणजे दोष दुसरीकडेच. सगळ्यांत एकच दोष असेल तर तो सगळ्यांना एकाच जागी लागला असेल, हा साधा हिशोब मी केला नाही.

चारच्या सुमाराला मित्र आला तेव्हा माझ्याकडे चांगल्या टोकाचा एकही इलेक्ट्रोड उरला नव्हता आणि पाइप तसाच पडला होता. वेल्डिंगमधलं त्याला काही कळत नाही. तो स्टुलावर बसला आणि वेळ घालवायला खिशातला स्क्रूड्रायव्हर काढून ग्राइंडरकडे वळला.

"अरे, त्या चाकाला हात लावू नकोस!"

"एवढं ओरडायला काय झालं? जरा पातं सरळ करतोय."

ओरडायला कारण होतं. त्या चाकावर टंगस्टनशिवाय काही लावायचं नाही हा माझ्या गॅरेजमधला एकमेव कडक नियम आहे. चाकात लोखंडाचे नाहीतर ॲल्युमिनियमचे कण अडकले की ते पुढच्या इलेक्ट्रोडवर चढतात आणि आर्क लागताच टोकावर उकळतात. शिवाय पोलादावर हिरा भराभर झिजतो. तापलेलं लोखंड त्यातला कार्बन खाऊन टाकतं. मित्राला एवढं सगळं सांगितलं नाही, दुसऱ्या बाजूचं करडं चाक दाखवलं.

नवीन टोक काढायचा धीर उरला नव्हता. खणात हात घातला तर एक आखूड, जेमतेम पाच सेंटिमीटरचा तुकडा सापडला. ठोकळ्याच्या आधीचा, हाताने टोक काढलेला. शेंडा एका बाजूला कललेला, वर एक चपटा पैलू. हा दिवस नाहीतरी वाया गेलाय म्हणून तोच टॉर्चच्या कोलेटमध्ये, म्हणजे पकडीत, घातला, मागची टोपी आखूड लावली आणि करंटचं पेडल दाबलं.

आर्क सांध्यावर उभा राहिला. हलला नाही. वितळलेल्या धातूचा मणी एवढासा, गोल, मधोमध.

मी पेडल सोडलं, पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. मशीन तेच, गॅस तोच, पाइप तोच. इलेक्ट्रोडही त्याच पाकिटातले, निळ्या पट्टीचे, म्हणजे दोन टक्के लॅन्थनम ऑक्साइडवाले, १.६ मिलिमीटरचे. वेगळं होतं ते फक्त टोक. खराब झालेल्या सहांपैकी एकाचा शंकू वरच्या बाजूला शाबूत होता. तो आणि हा आखूड तुकडा शेजारी ठेवून भिंगाखाली धरले.

देखण्या शंकूवर स्क्रूच्या आट्यांसारखी वर्तुळं होती, एकाखाली एक. नुसत्या डोळ्यांना जे चकचकीत दिसत होतं ते भिंगाखाली कंगोऱ्यांचं जंगल होतं. हाताने काढलेल्या ओबडधोबड टोकावरचे ओरखडे मात्र सगळे लांबीच्या दिशेने, लाकडाच्या रेषांसारखे शेंड्याकडे धावत होते.

घासताना ओरखडे लांबीतच पडले पाहिजेत हे मला माहीत होतं. हाताने करताना इलेक्ट्रोड आपोआपच चाक फिरण्याच्या दिशेत धरला जायचा. ठोकळा बनवताना ड्रिलला जागा कुठे होईल एवढंच पाहिलं आणि दिशा नव्वद अंशांनी फिरली. आर्क टंगस्टनच्या तापलेल्या पृष्ठभागावरून निघतो. ओरखडे लांबीत असले तर ते त्याला शेंड्यापर्यंत नेतात. आडवे असले तर प्रत्येक कंगोरा त्याला एक नवा ओटा, आणि तो या ओट्यावरून त्या ओट्यावर उड्या मारतो. करंट जास्त असला की सगळं टोकच इतकं तापतं की हा चाळा फारसा जाणवत नाही. याच सहांपैकी एकाने मी आठवड्यात ११० अँपिअरवर लोखंडी ब्रॅकेट जोडले होते आणि काहीच खटकलं नव्हतं. ४० वर लगेच उघडं पडलं.

मग इलेक्ट्रोड नव्याने करायला बसलो. आधी खराब झालेला भाग तोडायचा. पक्कडीने कटकन मोडायचा मोह होतो, पण टंगस्टन ठिसूळ असतो. लांबीत चिरतो, आणि ती चीर टोक काढल्यावरही आत राहते. म्हणून बारीक डायमंड डिस्कने भोवती खाच पाडली आणि मग मोडला. ठोकळा ग्राइंडरच्या बाजूने काढून समोर लावला, म्हणजे इलेक्ट्रोड चाकाच्या फिरण्याच्याच रेषेत येईल. ड्रिल अगदी मंद गतीवर, कारण ते जोरात फिरलं तर ओरखडे पुन्हा मळसूत्रासारखे तिरपे पडतात. शंकूची लांबी चार मिलिमीटर, म्हणजे जाडीच्या अडीचपट. शेवटी शेंडा चाकावर सरळ टेकवून जेमतेम पाव मिलिमीटर सपाट केला. सुईची अणी तशीच ठेवली तर ती वितळून जोडात पडते, आणि क्ष-किरण तपासणीत असा टंगस्टनचा कण पांढऱ्या ठिपक्यासारखा उठून दिसतो. या धातूची घनता पाण्याच्या १९ पट आहे. त्याच्या नावाचा स्वीडिशमधला अर्थच 'जड दगड'. एक्झॉस्ट पाइपचा क्ष-किरण कोण काढणार म्हणा, पण सवय ती सवय.

ठोकळा हलवताना चाकाच्या आवरणामागे साचलेली करडी भुकटी दिसली, आणि मी कॉम्प्रेसरच्या नळीकडे गेलेला हात मागे घेतला. काही वर्षांपूर्वीपर्यंत मी लाल पट्टीचे इलेक्ट्रोड वापरायचो. त्यात दोन टक्के थोरियम ऑक्साइड असतं, आणि थोरियम किरणोत्सारी आहे. इलेक्ट्रोड हातात धरल्याने भिण्यासारखं काही नाही, त्याचे अल्फा कण कातडीच्या पलीकडे जात नाहीत. भुकटी श्वासातून फुप्फुसात गेली तर मात्र ते आतून मारा करत राहतात. ती भुकटी कधीची, लाल पट्टीची की निळ्या, कसं ओळखणार? मास्क चढवला, ओल्या फडक्याने सगळं टिपून घेतलं, फडकं पिशवीत बांधलं. मित्राला तेवढा वेळ बाहेर उभं केलं. तो दारातून म्हणाला, "तू पाइप जोडतोयस की बॉम्ब निकामी करतोयस?"

त्यानंतरचं काम तासाभराचं. पाइपची दोन्ही तोंडं चिकटपट्टीने बंद करून आतून आर्गॉन सोडला, म्हणजे जोडाची मागची बाजू जळून दाणेदार काळी होणार नाही. सहा सांधे, एकदाही इलेक्ट्रोड बुडाला नाही. जोड फिकट सोनेरी निघाले, एकाच ठिकाणी थोडी निळी झाक आली, तिथे मी रेंगाळलो होतो.

मित्राने पाइप उलटसुलट करून पाहिला, खुश झाला, आणि जाताना ठोकळ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "हे एवढं यंत्र कशाला? हातानेच काढत जा की." मी काही बोललो नाही. ठोकळा अजून आहे, समोरच्या बाजूला लावलेला.

सकाळचे ते दोन टॅक मी घासून त्यावरून जोड नेला, तरी एका जागी जोड किंचित रुंद झालाय. पाइप मोटरसायकलला बसवल्यावर तो इंजिनाच्या बाजूला येतो, त्यामुळे मित्राला दिसत नाही. तो गाडी घेऊन घरी आला की मी मात्र आधी तिकडेच वाकून बघतो.