तुम्ही विचारलंत म्हणून: न लिहिलेलं रूप ठरवायचं कसं?

'जे रूप कुठेच लिहिलेलं सापडत नाही, ते तुम्ही ठरवता कसं? शेवटी अंदाजच ना?' इटलीतल्या प्राचीन भाषांचा अभ्यास करते म्हटलं की हा प्रश्न येतोच. तुम्हीही विचारलंत, म्हणून एकच क्रियापद घेऊन सांगते: लॅटिनमधलं 'फाकिओ', म्हणजे 'मी करतो'.

त्याचा भूतकाळ 'फेकी'. हा दीर्घ 'फे' कुठला, याचं उत्तर एकट्या लॅटिनमध्ये मिळत नाही. दक्षिण इटलीत ऑस्कन ही लॅटिनची बहीणभाषा होती (या भाषाकुळाला इटालिक म्हणतात). बांतिया गावच्या कायद्याचा काशाचा पत्रा १७९० मध्ये सापडला, त्यात याच क्रियापदाची 'फेफाकिद', 'फेफाकुस्त' अशी रूपं आहेत. इथे धातूला द्वित्व झालंय, म्हणजे सुरुवातीचा 'फ' दोनदा आलाय.

संस्कृत शिकलेल्यांना हे ओळखीचं वाटेल. लॅटिन, ग्रीक, संस्कृत एकाच पूर्वज भाषेतून आल्या, आणि 'फाकिओ'चा संस्कृतमधला नातेवाईक म्हणजे धा (ठेवणे) धातू. त्याचे भूतकाळ दोन: लिट् 'दधौ', लुङ् 'अधात्'. पहिल्यात द्वित्व, दुसऱ्यात नाही. ग्रीकमध्ये या लुङ्च्या जागी 'एथेका' आहे: तोच दीर्घ ए, तोच क्. म्हणजे लॅटिनचा 'फेकी' लुङ्च्या घरातला आणि ऑस्कनचा 'फेफाकिद' लिट्च्या. इटालिक भाषांत हे दोन भूतकाळ एकात मिसळले, आणि कुणी एकाचं रूप ठेवलं, कुणी दुसऱ्याचं. त्या पूर्वज भाषेत, जी कुठेच लिहिलेली सापडत नाही, दोन्ही रूपं मानल्याशिवाय हा हिशेब जुळतच नाही.

पण 'ध'चा 'फ' कसा? संस्कृत 'धूम', लॅटिन 'फूमुस'. शब्दाच्या सुरुवातीला फ, मध्ये आला तर (शेजारी काही ठरावीक ध्वनी नसतील तेव्हा) द: 'श्रद्धा' आणि लॅटिन 'क्रेदो' (माझा विश्वास आहे) यांत हाच धा दडलाय. असा नियम सोयीनुसार एका शब्दाला लावून दुसऱ्याला सोडता येत नाही. मला या कामाचं प्रेम आहे ते या शिस्तीमुळे.

रोमजवळच्या प्रेनेस्ते या प्राचीन गावची सोन्याची पिन या गोष्टीत महत्त्वाची. इ.स.पू. सातव्या शतकातल्या त्या पिनेवर कोरलंय: 'मानिओस मेद फ्हेफ्हाकेद नुमासिओइ', मानिओसने मला नुमासिओससाठी केलं. लॅटिनमध्येही एकेकाळी या क्रियापदाला द्वित्व होतं, याचा हा थेट पुरावा. १८८७ मध्ये ती जगासमोर आली, १९८० मध्ये शिलालेखांच्या अभ्यासक मार्गेरिता ग्वार्दुच्ची यांनी ती बनावट ठरवली, आणि २०११ मध्ये धातूच्या तपासणीतून ती अस्सल असल्याचं पुढे आलं. ती खोटी निघती, तरी ऑस्कनच्या पत्र्यावरचं द्वित्व जागच्या जागी राहिलं असतं. लॅटिनचा स्वतःचा साक्षीदार तेवढा गेला असता.

राहता राहिला क्. संस्कृत धा-मध्ये तो नाहीच. ग्रीकमध्ये तो या लुङ्च्या एकवचनापुरता येतो, अनेकवचनात 'एथेमेन', क् गायब. लॅटिनमध्ये मात्र 'फाकिओ', 'फेकी', 'फाक्तुस' असा सगळीकडे. तो आधी एकवचनात होता आणि इटालिकमध्ये तिथून पसरला, असं मला वाटतं. त्याचा मूळ उगम कोणता, यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. 'अंदाज' हा तुमचा शब्द मी इथे, या क्-पुरता, मान्य करते.