गालिच्याखालचं पत्र

आज दुपारी दिग्दर्शक पोलान्स्कीचा १९७९चा 'टेस' हा सिनेमा पाहिला. थॉमस हार्डीची मूळ कादंबरी कॉलेजात वाचली होती, शेवट ठाऊक होता. तरी टेसनं लग्नाआधी एंजलच्या दाराखालून सरकवलेलं पत्र गालिच्याखाली गेलं तेव्हा जीव कासावीस झाला. आपल्या भूतकाळातलं सगळं लिहिलं होतं हो तिनं!

चित्रीकरण फ्रान्समधलं, इंग्लंडमधलं प्राचीन दगडी वर्तुळ स्टोनहेंजसुद्धा तिथेच उभारलेलं. छायाचित्रकार जेफ्री अन्सवर्थ काम अर्ध्यावर असताना वारले. गिलँ क्लोकेंनी ते पूर्ण केलं, ऑस्कर दोघांना मिळालं. काय तो उजेड!

टेस झालेली नस्तास्या किन्स्की फार बोलत नाही, नुसती बघते. लग्नानंतर एंजल आपली जुनी चूक सांगतो, ती लगेच माफ करते. तिनं आपलं सांगितल्यावर मात्र तो तोंड फिरवतो. रात्र झाली, तरी माझा त्याच्यावरचा राग जात नाहीये.