थिसलवरची माशी ओळखायची तर आधी झाड पाहावे

इंग्लंडमध्ये जून-जुलैत शेतांच्या बांधांवर आणि पडीक जमिनीत थिसलची काटेरी झाडे फुलतात, तेव्हा त्यांच्या बोंडांवर नक्षीदार पंख हलवत फिरणाऱ्या इवल्याशा माश्या हमखास दिसतात. आंबा आतून नासवणारी आपल्याकडची फळमाशी ज्या टेफ्रिटिडी कुळातली, त्याच कुळातल्या या माश्या. पिकल्या केळ्यांभोवती घोंघावणारी चिलटे मात्र वेगळ्या कुळातली. ब्रिटनमध्ये या कुळाच्या 70 हून अधिक जाती आहेत. त्यांतली नेमकी कोणती समोर आहे हे ठरवताना मी पंखांआधी झाड पाहतो, कारण बहुतेक जातींच्या अळ्या ठरावीक झाडांवरच वाढतात.

क्रीपिंग थिसलची बोंडे लहान आणि फिकट जांभळी असतात, त्याची नर आणि मादी झाडे वेगळी असतात. स्पिअर थिसलची बोंडे मोठी, खोडावर काटेरी झालर आणि पानाची वरची बाजूही खरखरीत असते. मस्क थिसल खाली झुकलेल्या बोंडांवरून लगेच कळते.

क्रीपिंग थिसलच्या खोडावर फुगीर, टणक गाठ दिसली, तर ती युरोफोरा कार्डुई या माशीची. हिवाळ्यात ही गाठ चिरली, की लाकडासारख्या कठीण कप्प्यांत एकेक पांढरट अळी बसलेली दिसते. या माशीच्या पंखांवरचे काळे पट्टे एकमेकांना जोडले जाऊन इंग्रजी डब्ल्यूसारखी नागमोडी रेघ तयार होते. तिची बहीण युरोफोरा स्टायलाटा स्पिअर थिसलच्या बोंडाच्या आत गाठ करते. बाहेरून काहीच दिसत नाही, पण बोंड चिमटीत दाबले की आतला कठीणपणा बोटांना जाणवतो. तिच्या पंखावर एक पट्टा सुटा आणि टोकाकडचे दोन एका कडेला जुळलेले असतात, शिवाय मादीची अंडी घालण्याची नळी चांगलीच लांब असते. त्याच स्पिअर थिसलवर टेरेलिया सेराटुली ही पिवळसर माशीही येते. तिचे पंख डागांवाचून स्वच्छ असल्यामुळे या दोघींत घोटाळा होत नाही.

तांबूस अंगाची आणि तपकिरी ठिपक्यांच्या पंखांची झायफोसिया मिलियारिया ओळखायला सोपी आहे. खरी कसोटी टेफ्रिटिस वंशात लागते. तिथे सगळ्यांच्याच पंखांवर जाळीदार नक्षी असते आणि झाडाची नोंद नसेल तर नुसत्या छायाचित्रावरून नाव देणे मला योग्य वाटत नाही. माशी वाऱ्याबरोबर येऊन भलत्याच झाडावर टेकू शकते, म्हणून पक्का पुरावा हवा असेल तर पिकलेली बोंडे जाळीच्या झाकणाच्या बरणीत ठेवून त्यांतून माश्या बाहेर पडू द्याव्यात आणि बरणीवर झाडाचे नाव, ठिकाण व तारीख लिहावी.

महाराष्ट्रातल्या वाचकांना हाच अभ्यास करडईवर करता येईल, कारण करडई थिसलच्याच गणगोतातली आहे. तिच्या बोंडांत अकॅन्थिओफिलस हेलियान्थी या माशीच्या अळ्या वाढतात, आणि बोंड सडून त्यातून दुर्गंधी द्रव पाझरू लागला, तर ते उघडून आत अळी किंवा कोष आहे का हे जरूर पाहावे.