थ्रिलरची पहिली दोन मिनिटं: ‘कोयंडा’चं नियोजन

पुण्याच्या पेठेतला जुना वाडा, जानेवारीतली संध्याकाळ. मेसचा डबा पोहोचवणारी मुलगी बोळातून येते, जिना चढते. एकट्या राहणाऱ्या आजोबांच्या दाराशी कालचा डबा तसाच आहे, दुधाच्या पिशव्या कुणी आत घेतलेल्या नाहीत, दाराला बाहेरून कुलूप आहे. ती परत फिरते आणि बंद दाराआडून कुकरची शिट्टी होते. मग नाव येतं: ‘कोयंडा’.

अभ्यासक्रमाच्या प्रकल्पासाठी आम्हा पाच जणांना थ्रिलरची सुरुवात करायची होती, श्रेयनामावली धरून बरोबर दोन मिनिटांची. चित्रीकरण दोन संध्याकाळी आणि एका दुपारी झालं, नियोजनाला तीन आठवडे लागले. ते तीन आठवडे कशात गेले, ते इथे लिहितो आहे.

शॉट डिव्हिजन, म्हणजे प्रसंगाची शॉटमध्ये विभागणी, करायच्या आधी आम्ही वहीत चार रकाने आखले: काय दिसतं, काय ऐकू येतं, प्रेक्षकाला काय कळतं, त्याच्या मनात कुठला प्रश्न उरतो. प्रत्येक शॉटची एक ओळ. शेवटचे दोन रकाने ज्या शॉटला रिकामे राहिले, तो शॉट आम्ही काढून टाकला. स्कूटर लावणं, फोनवरचं बोलणं, मुलीच्या डोळ्यांचा अगदी जवळून घेतलेला शॉट हे सगळं असंच गेलं. सव्वीस शॉट ठरले होते, शेवटी एकवीस राहिले.

या वहीमुळेच मूळ क्रमातली चूक लक्षात आली. आधीच्या आराखड्यात मुलगी वर येते तेव्हा लांबूनच कुलूप दिसत होतं. कुलूप आधी दिसलं की बघणारा लगेच समजतो, आजोबा गावाला गेलेत. मग दुधाच्या पिशव्या दिसल्या तरी ‘दूधवाल्याला सांगायचं राहिलं असेल’ एवढंच वाटतं, भीती वाटतच नाही. क्रम उलटा केला की तेच सामान वेगळं बोलायला लागतं. आधी न उघडलेला डबा: आजोबा जेवले नाहीत. मग दोन दिवसांचं दूध: आत काहीतरी झालंय. मग कुलूप: बाहेरून कुणी लावलं? आणि मग शिट्टी: आत कोण आहे? प्रत्येक पायरीला आधीचा अंदाज मोडतो. नवी वस्तू एकही आणावी लागली नाही.

पण दारासमोर उभं राहिलेल्या माणसाला कुलूप शेवटी कसं दिसेल? कॅमेऱ्याने ते मुद्दाम लपवलं तर प्रेक्षकाला ती फसवणूक वाटते. याचं उत्तर रेकीला, म्हणजे चित्रीकरणाची जागा आधी पाहायला गेलो तेव्हा, मिळालं. वाड्यात दुधासाठीची कापडी पिशवी दाराबाहेरच अडकवलेली असते. आम्ही ती बाजूच्या खिळ्यावरून काढून थेट कोयंड्यावर टांगली. आता कुलूप पिशवीमागे झाकलं गेलं. मुलगी पिशवीचं तोंड उघडून आत बघते (वरून घेतलेला शॉट, दोन दुधाच्या पिशव्या), पिशवी काढून घेते, आणि कुलूप समोर येतं. पात्र काहीतरी करतं आणि त्यातून माहिती उघडी पडते, ही जागा मला या सगळ्या कामात सर्वांत मोलाची वाटते. चित्रपटाचं नावही तिथेच सापडलं. आधीचं ‘शिट्टी’ हे नाव शेवटचा धक्का आधीच सांगून टाकत होतं.

वहीनंतर स्टोरीबोर्ड, म्हणजे प्रत्येक शॉटचं कच्चं चित्र. चित्रकला बेताची असली तरी चालते, पण चौकट १६:९ चीच आखायची आणि प्रत्येक चौकटीत मुलीची दिशा बाणाने दाखवायची. ती बोळात डावीकडून उजवीकडे येते, तर दारापर्यंत तिने उजवीकडेच जायला हवं, म्हणजे शेवटी ती उजवीकडून डावीकडे निघाली की परत चालली आहे हे आपोआप कळतं. चौकापलीकडच्या गॅलरीतून घेतलेल्या एका शॉटमध्ये दिशा उलटत होती. तो शॉट देखणा होता, त्यामुळे ठेवला, पण त्याच्या आधी तिच्या बरोबर पाठीमागून घेतलेला एक शॉट घातला. सरळ पाठीमागून पाहिलं की डावं-उजवं उरत नाही आणि पुढची उलटी दिशा खटकत नाही.

स्टोरीबोर्डचे फोटो काढून, एडिटिंगच्या टाइमलाइनवर टाकून ॲनिमॅटिक, म्हणजे त्या चित्रांचाच वेळ लावलेला कच्चा चित्रपट, केलं. पहिलं भरलं तीन मिनिटं दहा सेकंद. छाटून दोन मिनिटांवर आणलं, आणि तरीही ते खोटंच होतं. कागदावर जिन्याला सहा सेकंद दिली होती. वाड्यातल्या चौदा पायऱ्या चढायला प्रत्यक्षात अकरा लागतात, हातात डबा असला तर जास्तच. म्हणून स्टॉपवॉच घेऊन वाड्यात गेलो आणि प्रत्येक हालचाल मोजली. जिना तीन तुकड्यांत केला: खालच्या तीन पायऱ्या, धरायच्या दोरावरचा हात, वरच्या दोन पायऱ्या. सव्वासहा सेकंदांत जिना संपतो आणि पूर्ण चढल्यासारखा वाटतो. जुन्या लाकडी जिन्यावर एका वेळी तिघांपेक्षा जास्त जण चढायचे नाहीत, हा नियम मालकांनी घातला होता आणि तो योग्यच होता. वाड्यातल्या सगळ्या बिऱ्हाडांना तारीख आणि वेळ आधी सांगून ठेवली, मालकांकडून लेखी परवानगी घेतली.

प्रकाशाचं गणित वेळेचं असतं. जानेवारीच्या मध्याला पुण्यात सूर्य साधारण सव्वासहाला मावळतो. त्यानंतर जेमतेम वीस-बावीस मिनिटं आकाश निळसर असतं आणि बोळातला दिवाही उठून दिसतो. त्याआधी दिवा फिका पडतो, नंतर आकाश काळंभोर होतं. एवढ्या वेळात आमचे चारच शॉट नीट होत होते, बाहेरचे होते सात. म्हणून दोन संध्याकाळी. पाचपासून तालीम, कॅमेऱ्याच्या जागा जमिनीवर खडूने आखलेल्या, आणि सगळ्यांत रुंद शॉट सगळ्यांत आधी, कारण आकाश त्यातच जास्त दिसतं. जवळचे शॉट अंधारल्यावरही निभावतात.

जिना आणि दार मात्र दुपारी केलं. खिडक्यांना काळा कपडा लावला, जिन्याच्या माथ्यावर नऊ वॅटचा पिवळा एलईडी दिवा, चेहऱ्यासाठी त्याचाच प्रकाश थर्माकोलवरून परतवलेला. इथे एक घोळ हमखास होतो. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधे दिवे सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होतात. सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० (प्रत्येक फ्रेमला प्रकाश मिळण्याचा वेळ, सेकंदात) ठेवलं की प्रत्येक फ्रेममध्ये दोन पूर्ण आवर्तनं बसतात आणि पट्टे दिसत नाहीत. १/६० वर पट्टे येतात, आणि कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर ते लक्षातही येत नाहीत. दिव्याला डिमर लावायचा नाही, त्याने वेगळीच फडफड सुरू होते. प्रकाश कमी हवा तर दिवा लांब न्यायचा.

कुलपाचा शॉट ५० मिलिमीटरच्या लेन्सवर, एपीएस-सी (फुल-फ्रेमपेक्षा लहान) सेन्सरचा कॅमेरा, अंतर साठ सेंटिमीटर. एफ २.८ वर (एफचा आकडा वाढला की लेन्सचं छिद्र लहान होतं आणि प्रकाश कमी येतो) फोकसची खोली, म्हणजे जेवढ्या अंतरातलं स्पष्ट दिसतं ते, जेमतेम दीड सेंटिमीटर मिळते. पिशवी हलली की तीही धूसर आणि कुलूपही धूसर. एफ ५.६ वर ती तीन सेंटिमीटर होते. तेवढ्यासाठी दिवा जवळ आणला आणि आयएसओ (सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता) १६०० वर थांबवला. पार्श्वभूमी धूसर दिसण्याचा मोह या शॉटमध्ये परवडत नाही, कारण अख्खी गोष्ट कोयंड्यावर आहे.

दुधाच्या पिशवीनेही आम्हाला वेळ घ्यायला लावला. फ्रिजमधून आणलेल्या पिशवीवर पाण्याचे थेंब जमतात, आणि थेंब म्हणजे ताजं दूध. आम्हाला सांगायचं होतं नेमकं उलटं. म्हणून पिशव्या दोन तास बाहेर ठेवून कोरड्या पुसल्या आणि छापील नाव मागच्या बाजूला वळवलं. कालच्या डब्याच्या झाकणावर टाल्कम पावडरचा पातळ थर आणि मुंग्यांऐवजी काळे तीळ असा प्रयोग केला. तीळ लगेच ओळखू येतात, ते काढले.

आता आवाज, ज्याच्यावर शेवटचा क्षण उभा आहे. संवाद एकही नाही, त्यामुळे जवळपास सगळा आवाज वेगळा रेकॉर्ड केला. डब्याचे कप्पे चालताना किणकिणतात, तोच आमचा ताल: ती थांबली की किणकिण थांबते, आणि ती शांतता संगीतापेक्षा जास्त काम करते. प्रत्येक जागेचा एक मिनिटभर नुसता आवाज घेतला, दुपारचा आणि संध्याकाळचा वेगळा. दुपारी कबुतरं असतात, संध्याकाळी देवळातली घंटा. दुपारी चित्रित केलेल्या दाराच्या शॉटला कबुतरांचा आवाज राहिला तर संध्याकाळ मोडते. शेजारच्या टीव्हीचा आवाज मात्र कुठेच येऊ द्यायचा नाही. तो पुसता येत नाही आणि त्यातलं संगीत आपलं नसतं.

शिट्टी खऱ्या स्वयंपाकघरात, खरं दार बंद करून, दाराबाहेर रेकॉर्डर ठेवून घेतली. आधी ओट्याजवळ घेऊन सॉफ्टवेअरने दबवून पाहिली होती. एक तर जवळून आवाज फाटतो, आणि दबवलेली शिट्टी उशीखालची वाटते, दाराआडची वाटत नाही. रेकॉर्डरची पातळी अशी हातानेच लावायची की सर्वांत मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास जाईल (शून्याच्या वर आवाज फाटतो), ऑटो बंद. ऑटोवर शिट्टीआधीची शांतता फुगते आणि शिट्टी चिरडते. शिट्टीच्या आधी कुकर काही वेळ फुसफुसतो. ती फुसफुस आम्ही कुलूप दिसण्याच्या आधीपासूनच अगदी हळू सुरू केली. पहिल्यांदा बघताना ती वारा वाटते, दुसऱ्यांदा बघताना कळतं की आतलं माणूस तेव्हाही तिथेच होतं.

जाळीच्या खिडकीतून, आतल्या अंधारातून मुलीकडे पाहणारा एक शॉट आम्ही घेतला होता आणि सगळ्यांना आवडलाही होता. तो गाळला. आत कुणी आहे हे तिथेच कळलं तर शिट्टीला सांगण्यासारखं काही उरत नाही.

श्रेयनामं पाच, प्रत्येकाला तीन सेकंद, आणि सगळी पहिल्या पन्नास सेकंदांत, बोळ आणि जिन्यावर. दार आल्यावर पडद्यावर अक्षर नको, कारण वाचणारा माणूस वस्तू पाहत नाही. देवनागरीसाठी काही गोष्टी आधीच तपासाव्या लागतात. एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांचा पर्याय निवडलेला नसेल तर जोडाक्षरं तुटतात आणि ऱ्हस्व इकार भलत्याच जागी बसतो. अक्षरांमधलं अंतर शून्य ठेवायचं, वाढवलं की शिरोरेषा तुटते. इंग्रजी नावांत शोभणारं एकेक अक्षर उमटणं आपल्याकडे चालत नाही. मात्रा अक्षरापासून सुटी उमटते. शब्द पूर्ण उमटू द्यायचा. आम्ही ‘मुक्त’ फॉन्ट मध्यम जाडीत वापरला. बारीक वजनात शिरोरेषा एवढी पातळ होते की शीर्षक जरा हललं तरी ती थरथरते, म्हणून नाव स्थिरच ठेवलं.

कच्चं संकलन वर्गातल्या प्रोजेक्टरवर पाहिलं तेव्हा जिना पूर्ण काळा दिसला. लॅपटॉपवर तो छान होता. चेहरा आणि दोर थोडे उजळले, कोपरे काळेच ठेवले.

शेवटी, ज्यांना गोष्ट माहीत नव्हती अशा आठ जणांना बसवून तीन ठिकाणी चित्र थांबवलं: डब्यानंतर, कुलपानंतर, नावानंतर. प्रत्येक वेळी कागदावर एकच ओळ लिहून घेतली, ‘आत्ता काय झालं असेल?’ डब्यानंतर सहा जणांनी आजोबांची काळजी लिहिली. कुलपानंतर मात्र तिघांनी लिहिलं, ‘गावाला गेले.’ कुलूप दिसल्यावर आम्ही फार लवकर कट करत होतो, आणि पिशवी तोवर मुलीच्या हातातून चौकटीबाहेर गेलेली होती. शॉट दीड सेकंदाने लांबवला आणि पिशवी चौकटीच्या खालच्या कोपऱ्यात राहील असा दुसरा टेक घातला. दुसऱ्या आठ जणांपैकी ‘गावाला गेले’ असं एकानेच लिहिलं.