सांगकाम्याचा अंगठा

मराठीत अंगठ्याला दोनच कामं: सही येत नसेल तर कागदावर उठायचं, नाहीतर समोरच्याला दाखवला जायचं. 21 फेब्रुवारी 2005च्या ‘रॉ’ या कुस्तीच्या टीव्ही कार्यक्रमात पैलवान बटिस्टाने अंगठा दाखवला तो थेट आपल्या साहेबाला.

त्याआधीची तीन वर्षं तो निव्वळ सांगकाम्या होता. 2002 साली डब्ल्यूडब्ल्यूई या अमेरिकी कुस्ती कंपनीत आला तो ‘डीकन’ बटिस्टा म्हणून. रेव्हरंड डीव्हॉन प्रवचन झोडणार आणि हा त्याच्यामागे दानपेटी घेऊन उभा. मग ट्रिपल एचच्या ‘इव्होल्यूशन’ टोळीत बढती मिळाली, म्हणजे पेटी जाऊन सूट आला एवढंच. मध्येच ट्रायसेप्स फाटला आणि 2003चे बरेच महिने घरी बसण्यात गेले. परतल्यावरही काम तेच: साहेब बोलणार, रिक फ्लेअर मान डोलावणार, हा गॉगल लावून मागे.

पण मला राहून राहून आठवतो तो ऑगस्ट 2004चा प्रसंग. टोळीतला सर्वांत धाकटा रँडी ऑर्टन आदल्याच रात्री चॅम्पियन झालेला. बटिस्टाने त्याला खांद्यावर घेतलंय, ऑर्टन हरखून गेलाय. समोर ट्रिपल एच अंगठा वर करतो, हसतो आणि तोच अंगठा सावकाश खाली वळवतो. बटिस्टाने खांद्यावरच्या पोराला तिथल्या तिथे खाली आपटलं. का, कशाला, एक शब्द नाही. सांगकाम्या प्रश्न विचारत नाही. बघून ठेवतो.

जानेवारीत तो रॉयल रंबल, म्हणजे शेवटपर्यंत रिंगमध्ये टिकेल तो जिंकेल अशी झुंड-कुस्ती, जिंकला, तोही धड नाही. शेवटचे दोघे, तो आणि जॉन सीना, एकदमच दोरांवरून खाली. तंटा सोडवायला मालक व्हिन्स मॅकमहन तरातरा धावत आले आणि रिंगमध्ये शिरताना त्यांच्या दोन्ही मांड्यांचे स्नायू फाटले. मग मालकांनी बसल्या जागेवरूनच आरडाओरडा केला. नुरा कुस्तीतही पाय खरेच मोडतात!

आता रेसलमेनियात, म्हणजे कंपनीच्या वर्षातल्या सर्वांत मोठ्या सोहळ्यात, कोणत्या चॅम्पियनशी लढायचं, हे ठरवणं त्याच्या हातात आलं. टेबलावर दोन करार. एकात ‘रॉ’चा चॅम्पियन, खुद्द साहेब ट्रिपल एच; दुसऱ्यात ‘स्मॅकडाउन’ या दुसऱ्या कार्यक्रमाचा चॅम्पियन जेबीएल. साहेबाला खात्री, की पोरगा दुसरीकडे जाईल. बटिस्टाने अंगठा वर केला. साहेब खूश. मग तो अंगठा हळूहळू खाली वळला. अगदी त्याच सावकाश चालीने. पुढे टेबलाचा भुगा साहेबाच्या पाठीने झाला आणि सही नंतर झाली.

3 एप्रिलला लॉस एंजलिसमध्ये बेल्ट त्याच्याकडे आला. मे आणि जूनमध्ये ट्रिपल एचने पुन्हा दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळा माती खाल्ली. दुसऱ्यांदा तर चहूबाजूंनी जाळी लावलेल्या पिंजऱ्यात. बेल्ट 282 दिवस टिकला आणि जानेवारी 2006मध्ये ट्रायसेप्सनेच पुन्हा घात केला म्हणून तो परत करावा लागला. कुणी हरवून काढून घेतला नाही.

खरं सांगू, चॅम्पियन बटिस्टा मला तेवढा रमवत नाही. डोळे मिटून ढोल बडवावा तसा तो लढतो. जुन्या चित्रफिती लावल्या की मी ते ऑगस्टचं दृश्य पाहतो. सगळे ऑर्टनकडे बघत असतात. मी खालच्या माणसाकडे बघतो, त्याची नजर साहेबाच्या अंगठ्यावर खिळलेली असते.